चालवून पाहिली एक गाडी, घरी आली दुसरीच

नवी गाडी घरी येऊन वर्ष उलटून गेलं. मे २०२४ मध्ये ती घेतली तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, पण कंपनीकडे तक्रार चालू होती आणि तिचं काही ठरेपर्यंत थांबायचं असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. तक्रारीचा अर्धा भाग सुटला. उरलेला अर्धा सुटणार नाही, कारण त्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. सगळं तोंडी झालं होतं. तुमच्यापैकी कोणी या महिन्यात शोरूमच्या पायऱ्या चढणार असेल, तर त्याआधी हे वाचा.

आमच्या घरात गाडी मुख्यतः मी चालवते. जुनी गाडी बारा वर्षं वापरली. नवीकडून माझ्या दोनच अपेक्षा होत्या. चार माणसं आणि सामान घेऊन चढताना तिने धापा टाकू नयेत, आणि दोन तास बसल्यावर माझी कंबर धरू नये. शोरूममध्ये गेल्या गेल्या मी हे सेल्समनला सांगितलं. त्याने मान डोलावत सगळं वहीत लिहून घेतलं आणि टेस्ट ड्राइव्हची किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. "गाडी ही चालवणार आहे," असं नवऱ्याला सांगावं लागलं. मला तेव्हा राग आला होता, पण पोरगा वयाने लहान, गोड बोलणारा, म्हणून सोडून दिलं.

गाडी दारात तयार उभी होती. इंजिन चालू, एसी लावून आतून गारेगार केलेली, गाणी सुरू. हे सगळं मला तेव्हा आदरातिथ्य वाटलं. आज विचार करते तेव्हा दिसतं, की त्यामुळे तीन गोष्टी मला कळल्याच नाहीत. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना कसा आवाज करतं, उन्हात तापलेली गाडी गार व्हायला किती वेळ लागतो, आणि चालताना आत किती खडखड ऐकू येते. रस्ताही त्यानेच ठरवला होता. रुंद, गुळगुळीत, सपाट. मी म्हटलं, पुढे उड्डाणपुलाचा चढ आहे तिकडे जाऊ या. तो म्हणाला, "मॅडम, तिकडे आत्ता खूप ट्रॅफिक असतं, उगाच अडकाल." दहा मिनिटांत आम्ही परत. आणि त्या दहा मिनिटांत तो सतत बोलत होता. स्क्रीन कशी चालते, कॅमेरा कुठला, छप्पर कसं उघडतं. गाडीकडे लक्ष द्यायला मला सलग दोन मिनिटं मिळाली नाहीत.

तरी एक गोष्ट जाणवली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच गाडी झेपावत होती. मला तो पिकअप फार आवडला. उतरताना मी विचारलं, "ही टॉप मॉडेल आहे. आम्ही मधलं व्हेरिएंट घेणार आहोत. तेही असंच चालेल ना?"

"मॅडम, गाडी तीच आहे हो. सनरूफ, मोठी स्क्रीन, चाकं, एवढाच काय तो फरक."

"आणि इंजिन?"

"पेट्रोलच. तेच."

हे शब्द माझ्या डोक्यात कोरले गेले आहेत. पेट्रोलच, तेच. दोन्ही गाड्या पेट्रोलवरच चालतात, त्यामुळे उत्तराचा पहिला शब्द खरा होता. पण चालवायला दिलेल्या गाडीत टर्बो इंजिन होतं आणि आम्ही बुक केलेल्या व्हेरिएंटमध्ये साधं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांच्या तक्त्यात इंजिनांचे दोन वेगळे रकाने होते. ते पान आम्ही उघडलं नाही. दुसऱ्या पानावरचे रंग मात्र अर्धा तास पाहिले.

ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टर्बो इंजिनात बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतं. त्यामुळे इंजिनाच्या साधारण मिनिटाला १,५०० ते २,००० फेऱ्यांवरच गाडी जोर धरते. साध्या इंजिनाचा पुरता जोर बहुतेक ४,००० फेऱ्यांच्या आसपास येतो. म्हणजे भरल्या गाडीने चढ चढताना गिअर खाली टाकून इंजिन ओरडेपर्यंत पाय दाबून धरावा लागतो. साधं इंजिन वाईट नसतं. त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात आणि कित्येकांना तेच पुरतं. पण मी चढाचं सांगूनच आत गेले होते, आणि त्याने ते लिहूनही घेतलं होतं.

आता भावाचं. पहिल्या दिवशी मिळालेलं कोटेशन आम्ही पाहिलेल्या बाकी शोरूमपेक्षा चांगलंच कमी होतं, आणि जुन्या गाडीला एक्सचेंजमध्ये जो भाव सांगितला तो ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. "पण महिनाअखेर आहे, ही ऑफर आजच्यापुरतीच." आम्ही बुकिंग केलं. आठवडाभराने जुनी गाडी त्यांनी नेली, तिच्या कागदांवर सह्या झाल्या. त्यानंतर तीन दिवसांनी फोन आला. मॅनेजरने एक्सचेंजचा भाव मंजूर केला नाही, आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज या स्टॉकवर सक्तीचं आहे. सेल्समनचा आवाज असा, जणू त्याच्यावरच अन्याय झालाय. "मी तुमच्यासाठी खूप भांडलो मॅडम."

आम्ही तेव्हाही मागे फिरू शकलो असतो. फिरलो नाही. घरात सगळ्यांना सांगून झालं होतं, रंग ठरला होता, मुलांनी मागच्या सीटवर कोण कुठे बसणार याच्या वाटण्या केल्या होत्या. माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने नंतर सांगितलं की या डावाला इंग्रजीत 'लो-बॉल' म्हणतात आणि त्यावर संशोधनही झालेलं आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एका प्रयोगाला येण्याबद्दल विचारलं आणि होकार मिळाल्यावर सांगितलं की सकाळी सात वाजता यायचं आहे. दुसऱ्यांना वेळ आधीच सांगितली. ज्यांनी आधी होकार दिला होता त्यांच्यातले खूप जास्त जण वेळ कळल्यावरही टिकून राहिले. एकदा हो म्हटलं की माणूस त्या होकाराला सांभाळून घेतो. आम्ही नेमकं तेच केलं.

कर्जातही एक मेख होती, पण तिथे आम्ही वाचलो. शोरूममधल्या टेबलावर बसलेल्या माणसाने "फक्त १० टक्के" सांगितलं, ते फ्लॅट रेटने. म्हणजे हप्त्यांनी मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पाचही वर्षं पूर्ण मूळ रकमेवर. शंभराच्या कर्जावर पन्नास व्याज, साठ हप्ते, दरमहा अडीच. उरलेल्या मुद्दलावर हिशोब केला तर हा दर वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. नवऱ्याने घरी बसून आकडेमोड केली आणि कर्ज आम्ही आमच्या बँकेतून काढलं. तुम्हाला कोणी दर सांगितला तर तो फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, एवढं विचाराच.

आता डिलिव्हरीचा दिवस. वेळ त्यांनी संध्याकाळी सातची दिली. नोंदणी आधीच उरकली होती, पूर्ण पैसे भरून झाले होते. शोरूमच्या झगझगीत दिव्यांखाली गाडीवर कापड घातलेलं, आम्हा चौघांना चार टोकं धरायला लावली, फोटो, टाळ्या. त्या गडबडीत माझ्यापुढे कागदांची चळत आली आणि मी उभ्या उभ्या सह्या केल्या. त्यात एक कागद होता: 'वाहन तपासून, सुस्थितीत ताब्यात घेतले.' मी काहीही तपासलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. शोरूमवाले म्हणाले, दिवे चालू राहिले असतील. दिवे चालू राहिले नव्हते. मी आमच्या जुन्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी बॅटरीला मीटर लावला, ११.८ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी स्थिर असताना १२.६ च्या आसपास दाखवते. काका काही बोलले नाहीत. खाली बसून टायरवर बोट फिरवत राहिले आणि मला जवळ बोलावलं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं ११२३. २०२३ सालचा अकरावा आठवडा. बाकी तीन टायर आणि स्टेपनी, सगळ्यांवर त्याच सुमाराचे आकडे. टायर गाडीपेक्षा काही आठवडे जुने असणं साहजिक आहे, पण चौदा महिने नाही. वायपरची रबरं कडक झाली होती. मग काकांनी चासी नंबर वाचला. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी मॉडेलच्या वर्षाचं अक्षर देतात, काही वेगळ्या जागी देतात. आमच्या नंबरात दहाव्या जागी पी होता, म्हणजे २०२३. गाडी वर्षभराहून जास्त काळ कुठल्या तरी यार्डात उन्हापावसात उभी होती, आणि आम्हाला ती ताजी म्हणून, ताज्या भावाने दिली गेली.

मी सहज म्हटलं, चढावर पण ही तशी चालत नाही हो, टेस्ट ड्राइव्हला वेगळीच वाटली होती. काकांनी बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "टर्बोची चालवलीत का तिकडे? यात टर्बो नाहीये, ताई."

मी तिथेच पायरीवर बसले. पैशांचं दुःख होतंच. पण चार लोकांसमोर टाळ्या वाजवून माझ्या हातात किल्ली ठेवणाऱ्या प्रत्येकाला ही गाडी काय आहे ते माहीत होतं, हे मला सहन होईना.

शोरूममध्ये गेलो तर तो सेल्समन नोकरी सोडून गेल्याचं सांगितलं. मॅनेजरने माझ्या सहीचा कागद पुढे केला. गाडी परत घ्यायचा प्रश्नच नव्हता. नोंदणी झाली की ती त्यांच्या दृष्टीने वापरलेली गाडी. मग मी थेट कंपनीला लिहिलं. टायरचे, काचांवरच्या शिक्क्यांचे, चासी नंबराचे फोटो, बॅटरीच्या मीटरचा फोटो, तारखांसह. सात आठवडे आणि अकरा ईमेल. शेवटी बॅटरी बदलून मिळाली, पाचही टायर बदलून मिळाले आणि वॉरंटी एक वर्षाने वाढली. जुन्या स्टॉकबद्दल पुरावा गाडीच्या अंगावरच होता, म्हणून ते नाकारू शकले नाहीत. इंजिनाबद्दल त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं नाव बरोबर आहे. ते खरंच बरोबर होतं.

यावर्षी माझ्या नणंदेने गाडी घेतली, आणि मी तिच्या सोबत गेले. आम्ही सकाळी शोरूम उघडताना पोचलो, थंड इंजिन स्वतः सुरू केलं. जे व्हेरिएंट घ्यायचं तेच चालवायला मागितलं. "ते डेमोला नाही" म्हणाले, तेव्हा आम्ही उठलो, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की मागवून ठेवलंय. मागे तिची दोन मोठी मुलं बसवली, गाणी बंद, एसी पूर्ण, आणि रस्ता तिने सांगितला, तिच्या रोजच्या चढाचा. सोबतच्या मुलीला तिने नम्रपणे सांगितलं, "मला काही विचारायचं असेल तर विचारेन, तोवर जरा शांत बसू या." जे काही तोंडी कबूल झालं ते त्याच संध्याकाळी तिने ईमेलवर लिहून पाठवलं आणि 'बरोबर आहे' असं उत्तर आल्याशिवाय बुकिंगचे पैसे दिले नाहीत. जुनी गाडी शेवटच्या दिवसापर्यंत स्वतःकडे ठेवली.

उरलेली रक्कम भरण्याआधी, नोंदणीच्याही आधी, आम्ही दुपारच्या उजेडात यार्डात गेलो. तिच्या नावाने काढून ठेवलेल्या गाडीचे टायर दहा महिन्यांचे निघाले. तिने दुसरी मागितली. दुसऱ्या गाडीच्या मागच्या दाराचा रंग किंचित वेगळा दिसत होता. यार्डातला माणूस कंटाळला होता, घड्याळ बघत होता. माझी नणंद मोबाइलचा टॉर्च लावून तिसऱ्या गाडीच्या चाकापाशी खाली बसली आणि मला म्हणाली, "वहिनी, लिहून घ्या, मी आकडे वाचते."