माग्रीटच्या नादी लागून आठ महिने: लेअर, मास्क आणि सावलीचा घोळ

आठ महिने झाले हे लेअर-मास्कवालं (लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, मास्क म्हणजे थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतोय, पेन टॅबलेट जोडून. घेतलं ते एकाच हट्टापायी, रेने माग्रीट या स्वप्नासारखी अजब चित्रं काढणाऱ्या बेल्जियन चित्रकाराच्या चित्रांसारखे फोटो करायचे. नाव सांगत नाही, या जातीच्या सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये थोडंफार हेच आहे.

मास्क मात्र एक नंबर. काळ्या ब्रशने लपवा, पांढऱ्याने परत आणा, मूळ फोटोला धक्का नाही. हवेत तरंगणारा माणूस पहिल्याच आठवड्यात जमला, कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर फोकस व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, एक फोटो रिकाम्या खोलीचा आणि एक भावाला स्टुलावर आडवं करून, मग मास्कने स्टूल गायब. घरात सगळे खूश, पण मलाच तो फोटो बघवेना. काहीतरी खोटं वाटत होतं आणि काय ते कळायला दोन महिने गेले: स्टुलाबरोबर मी भावाची सावलीपण पुसली होती!

यात ऑटो शॅडोचं, म्हणजे आपोआप सावली टाकणारं बटण आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. सावली वस्तूला टेकते तिथे गडद आणि रेखीव असते, लांब जाईल तशी मऊ, फिकी होते. हे बटण सरसकट एकच ब्लर मारतं. आता मी हातानेच काढतो, मल्टिप्लाय लेअरवर (खालचं चित्र गडद करणारा थर), आणि रंग काळा नाही तर खोलीतल्याच दुसऱ्या सावलीतून उचललेला. 1948 मध्ये फोटोग्राफर फिलिप हॉल्समनने चित्रकार साल्वादोर दालीचा तो उडीवाला फोटो काढला तेव्हा मांजरं आणि पाणी खरोखर फेकलं होतं, 28 वेळा. म्हणूनच सगळ्यावर उजेड एकच पडलाय. आपण खुर्चीत बसून तेच करायला जातो आणि फसतो.

माग्रीटची 1949 पासूनची ती मालिका आहे ना, वर दिवसाचं आकाश आणि खाली दिवा लागलेलं रात्रीचं घर? ती करायला दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन फोटो जोडताना ऑटो सिलेक्शनने (आपोआप कडा निवडणारं टूल) रडवलं. झाडाच्या पानांभोवती पांढरी किनार राहतेच. शेवटी ब्ल्यू चॅनलची (फोटोतला फक्त निळ्या रंगाचा भाग) कॉपी करून, काँट्रास्ट ताणून त्याचाच मास्क केला तेव्हा कुठे सुटलो. तेपण वारा नसेल तर, नाहीतर दुपारची पानं आणि संध्याकाळची पानं जुळत नाहीत.

अजून एक, 24 मेगापिक्सलचा फोटो 16 बिटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक छटा ठेवणारा मोड) उघडला की एक लेअर साधारण 144 एमबी मेमरी खातो. दहा लेअर झाले की लॅपटॉप धापा टाकतो, दोनदा काम गेलं, ऑटोसेव्ह चालू होतं तरी. स्वतः सेव्ह मारत राहा.

सध्या माग्रीटचं 1937 चं ते आरशावालं चित्र चालू आहे, माणूस आरशासमोर उभा आणि आरशात परत पाठच. गंमत म्हणजे चित्रात शेजारच्या पुस्तकाचं प्रतिबिंब नीट पडलंय, आणि सगळी मजा त्या पुस्तकात आहे. माझ्या फोटोत पुस्तक बरोबर आलं पण आरशातली पाठ खरी वाटेना, कारण प्रतिबिंब लांबचं, ते लहान दिसायला हवं, आणि मी दोन्हीकडे तीच साइज चिकटवली होती. नुसतं छोटं करूनही चालत नाही, कॅमेरा मागे नेऊन परत शूट करावं लागेल. भाऊ म्हणतो आता तुझा तूच उभा राहा.