ह्युमनाइज्ड उंदीर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. मानवी पेशी टोचून तयार केलेला हा उंदीर चांगला आहे. पण पैसे उंदराचे मोजता आणि प्रयोग होतो रक्तदात्यावर, हे मला कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

आमचं काम बॉस्टनजवळ, टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पांढऱ्या पेशींना, चेतवणाऱ्या अँटिबॉडींवर. साध्या उंदराचा इथे फारसा उपयोग नाही. आमची अँटिबॉडी मानवी प्रथिनालाच चिकटते, उंदराच्या प्रथिनाला ओळखही दाखवत नाही. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ ही टी-पेशी चेतवणारीच अँटिबॉडी टोचलेले सहाही स्वयंसेवक अतिदक्षता विभागात पोहोचले. त्याआधी माकडांवरच्या चाचण्यांत तसं काहीच दिसलं नव्हतं. आमच्याकडे सुरक्षिततेची चर्चा निघाली की ही गोष्ट निघतेच.

आम्ही एनएसजी ही प्रतिकारशक्ती नसलेली उंदराची जात वापरतो. याला स्वतःच्या टी, बी आणि एनके या प्रतिकार-पेशी नाहीत. शिवाय त्याच्या भक्षक पेशींवरचं सिर्पा हे प्रथिन मानवी पेशींवरच्या सीडी४७ या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून त्या मानवी पेशी खात नाहीत. मजा म्हणजे एनएसजी ज्या नॉड जातीपासून बनला तिला मधुमेह होतो. टी-पेशीच नसल्याने हा मात्र त्यातून सुटला.

सुरुवात स्वस्तात केली: प्रौढ दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी थेट टोचल्या. दोनेक आठवड्यांत टी-पेशी हजर! पण त्या उंदरालाच परका समजून खायला उठतात. पाठ कुबडी, केस विस्कटलेले, वजन उतरत जातं, आणि साधारण चार ते आठ आठवड्यांत खेळ संपतो. छोट्या प्रश्नाला हे पुरतं. आठवड्यातून दोनदा वजन करायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

नंतर नाळेच्या रक्तातल्या, सीडी३४ ही खूण असलेल्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशींकडे वळलो. उंदरांना सौम्य किरणोत्सर्ग द्यायचा, पेशी टोचायच्या आणि बारा आठवडे वाट बघायची. रक्तात मानवी पांढऱ्या पेशी (सीडी४५ ही त्यांची खूण) २५ टक्क्यांच्या वर गेल्या की उंदीर पास. आधी बी-पेशीच भरतात, टी-पेशी आरामात येतात. साहेब दर सोमवारी विचारायचे, "आले का?" जणू मीच अंडी उबवत होतो.

पहिल्या खेपेला २० उंदीर, सगळे एकाच दात्याच्या पेशींचे, आणि त्यांच्यात मानवी कर्करोगाची गाठ रुजवलेली. औषधाने गाठ आवळली. पेढे वाटायचेच बाकी होते. दुसऱ्या खेपेला दाता बदलला, आणि औषध देऊनही गाठ ढिम्म. मग जुने आकडे उपसले. पहिल्या खेपेत औषध न दिलेल्या उंदरांतही गाठ रेंगाळतच वाढली होती, आणि आम्ही "गाठच मंद असेल" म्हणून पुढे गेलो होतो. मानवी पेशी न घातलेल्या उंदरांचा गट ठेवलाच नव्हता. तो ठेवला तेव्हा दिसलं की पहिल्या दात्याच्या पेशी औषधाशिवायही गाठ कुरतडत होत्या. गाठ एकाची, प्रतिकारशक्ती दुसऱ्याची. नाळ जुळायची कशी?

बाकी उणिवा माहीत असून वापरायच्या. टी-पेशी उंदराच्या थायमसमध्ये (टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीत) शिकून निघतात, लसीका ग्रंथी अर्धवट घडतात, त्यामुळे लसीचा प्रतिसाद बघायला हा उंदीर घेऊ नका. पूरक प्रणालीतला (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांतला) सी५ हा घटक त्याच्यात नाही, म्हणजे त्या मार्गाने पेशी मारणारी अँटिबॉडी इथे उगाच नापास होईल. मानवी मायलॉइड पेशी (मोनोसाइटसारख्या पांढऱ्या पेशी) हव्या असतील तर मानवी साइटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रथिनं, बनवणारा याच उंदराचा एसजीएम३ प्रकार घ्या. २०१८ मध्ये इटलीतल्या गटाने त्याच्याच आधारे दाखवलं की कार-टी उपचारातल्या (कर्करोगावर सोडलेल्या, जनुकं बदललेल्या टी-पेशींच्या) साइटोकाइन वादळात आयएल-१ आणि आयएल-६ ही साइटोकाइन मुख्यतः मोनोसाइट सोडतात, आणि आयएल-१ला अडवणारं अनाकिन्रा हे औषध ते वादळ रोखतं. ते काम बघितलं की या उंदराला केलेला खर्च खुपत नाही.

आता आमचा नियम असा: कमीत कमी तीन दाते, प्रत्येक दात्याचे उंदीर औषधाच्या आणि बिनऔषधाच्या गटांत सारखे वाटलेले, आणि मानवी पेशी न घातलेल्या कोऱ्या उंदरांचा एक गट वेगळा. उंदीर जास्त लागतात, त्यामुळे प्राणी-नैतिकता समितीपुढे अर्ज पुन्हा लिहावा लागला. मंजुरी मागच्या आठवड्यात आली; नव्या खेपेचे बारा आठवडे अजून सुरू व्हायचेत.