डीव्हीडी ड्राइव्हमुळे कॉम्प्युटर स्लो? पैसे देण्याआधी केबल काढून बघा

कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून दुरुस्तीला दिला की काही ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं: ‘डीव्हीडी ड्राइव्ह जुना झालाय, बदलावा लागेल.’ नवा ड्राइव्ह बसतो, मशीन खरंच पळायला लागतं आणि ग्राहकाला शंकाही येत नाही. वेग आलेला असतो दुसऱ्याच कामामुळे. ड्राइव्ह बदलताना विंडोज नव्याने टाकलेलं असतं किंवा स्टार्टअपचे नको ते प्रोग्राम बंद केलेले असतात. बिल मात्र ड्राइव्हचं. खरा दोष हार्ड डिस्कमध्ये असेल तर तो तसाच राहतो, आणि एक दिवस सगळा डेटा जातो. पैशांपेक्षा हे नुकसान फार मोठं.

रिकामा ड्राइव्ह सहसा कॉम्प्युटरचा वेग कमी करत नाही. १६एक्स डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २२ एमबी वाचतो, पण हा संथपणा फक्त डिस्क वाचताना जाणवतो.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, ड्राइव्हच्या मागच्या डेटा आणि पॉवर अशा दोन्ही केबल काढा, मग सुरू करा. संथपणा तसाच असेल तर ड्राइव्ह निर्दोष. लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमधून तो डिसेबल करून पाहा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही चालू नसताना ‘डिस्क’चा, म्हणजे हार्ड डिस्कच्या वापराचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकला असेल, तर आधी बॅकअप घ्या, मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कची तब्येत बघा. मेमरी भरलेली दिसली तर रॅम कमी पडतेय.

ड्राइव्ह खरंच अडवतो तो चरे पडलेली डिस्क आत राहिली तर. तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसतो आणि फाइल एक्सप्लोरर गोठतो. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे सुरू होताना कॉम्प्युटर विंडोज कुठे कुठे शोधतो त्या क्रमात, ड्राइव्ह पहिला असेल तर सुरू व्हायलाही उशीर होतो. डिस्क काढा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) क्रम बदला, खर्च शून्य.

लॅपटॉपमध्ये आणखी एक चलाखी चालते. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (ड्राइव्हच्या आकाराच्या चौकटीत) एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान चिपवाली डिस्क बसवतात, कारण हार्ड डिस्कपर्यंत पोचायला लॅपटॉप जास्त उघडावा लागतो. काही जुन्या मॉडेलमध्ये ड्राइव्हचा पोर्ट साटा १ या जुन्या, संथ प्रकारचा असतो. तिथे सेकंदाला ५०० एमबी वेगाचा एसएसडी १५० एमबीच्या आतच अडकतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘ट्रान्सफर मोड’समोर साटा/१५० दिसलं, तर एसएसडी मूळ जागी आणि हार्ड डिस्क कॅडीत बसवून मागा, तेही नवे पैसे न देता.