६२ नंबरची बोट: पास खिशात असेल तर आणखी काय हवं?

हॅम्बुर्गला येऊन नऊ महिने झाले आणि आम्ही पाहिलं काय, तर घर, ऑफिस, व्हिसाचं कार्यालय आणि फर्निचरचं दुकान. पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत रविवार-सोमवार दोन्ही दिवस दुकानं बंद असतात. घरात बसून भांडण्यापेक्षा शहर बघू, असं ठरलं.

शनिवारी पर्यटकांच्या एका बोटीत बसलो. कुठल्या ते सांगत नाही. तिकीट महाग, काच मळकी आणि निवेदकाचे सगळे विनोद जर्मनमध्ये. बाकीचे हसले की आम्हीही हसायचो, जरा उशिराने. शेजारच्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "महिन्याचा पास आहे ना तुमच्याकडे? मग ६२ घ्या."

६२ म्हणजे सिटी बसच, फक्त पाण्यावर चालणारी. लांडुंग्सब्रुकन या बोटींच्या मोठ्या स्थानकाच्या ३ नंबरच्या धक्क्यावरून सुटते आणि एल्बे नदीतून पलीकडच्या फिंकेनव्हेर्डर या भागात जाते. एका बाजूचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, आणि दिवसा दर पंधरा मिनिटांनी फेरी. आमचा डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभर बस-लोकलला चालणारा महिन्याचा पास (सध्या महिना ६३ युरो), इथेही चालतो. चपट्या नाकाच्या या बोटींना इथले लोक 'इस्त्री' म्हणतात. एकदा ते ऐकलं की दुसरं काही दिसतच नाही.

धक्क्यावर उतरायचा पूल सकाळी घसरगुंडीसारखा होता, संध्याकाळी जवळजवळ सपाट. समुद्र शंभर किलोमीटरच्या पलीकडे असूनही इथे भरती-ओहोटीत साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो, आणि धक्का तरंगता असल्यामुळे तो पाण्याबरोबर वरखाली होतो. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना आणायचं असेल तर भरतीची वेळ बघून आणा.

बोटीत शिरल्याबरोबर थेट वरच्या उघड्या डेकवर जा, आणि जाताना उजवीकडे उभे राहा. मासळीच्या लिलावाची जुनी लाल विटांची इमारत आणि डॉकलांड नावाची तिरपी काचेची इमारत त्याच बाजूला दिसतात. डावीकडे सुक्या गोद्या आणि क्रेन. आमच्या ह्यांचा जीव त्यातच अडकला. निवेदन नाही, विनोद नाहीत. बाजूला एक माणूस सायकल धरून पेपर वाचत होता, इतकी ती रोजची बोट आहे.

आम्ही वाटेतल्या नॉयम्युलन थांब्यावर उतरलो. तिथून चालत गेलं की ओव्हेलग्योनचा वाळूचा किनारा. वाळूत एक अजस्र दगड आहे, वजन २१७ टन. १९९९मध्ये नदीचं पात्र खोल करताना सापडला. हिमयुगात बर्फाबरोबर स्वीडनकडून वाहत आला, म्हणून त्याचं नाव 'म्हातारा स्वीडिश'. ह्यांनी त्यावर हात ठेवून विचारलं, "अगं, ह्याला व्हिसाच्या किती खेपा पडल्या असतील?"

तेवढ्यात समोरून कंटेनरचं जहाज गेलं. चौदा-पंधरा मजली चाळ सरकावी तसं, आवाज जवळजवळ नाहीच. जहाज पुढे निघून गेलं आणि मग काठचं पाणी मागे ओढलं जायला लागलं. ओली वाळू उघडी पडली, शिंपले दिसले. मी वाकून बघते आहे तोवर एक आजोबा ओरडले आणि आमच्या चपला उचलून मागे धावले. पुढच्या क्षणी लाट पिशवीपर्यंत आली. थेपले वाचले, टॉवेल भिजला. इथे किनाऱ्यावर लहान मूल असेल तर जहाज गेल्यावरही लक्ष ठेवा; खरं पाणी नंतरच येतं.

परतताना गर्दी तुफान होती. एक बोट सोडावी लागली, दुसरीत उभ्याने आलो. सुट्टीच्या दुपारी हे होणारच, त्याचे गुण कापत नाही. कापते ते वाऱ्याचे: जूनमध्येही वर कानटोपी लागते. सकाळी नऊच्या आत गेलात तर डेकवर बाक मिळेल.

परत आल्यावर वेळ उरला तर धक्क्याशेजारीच १९११चा जुना एल्बे बोगदा आहे. लिफ्टने खाली उतरायचं आणि ४२६ मीटर नदीखालून चालत पलीकडे जायचं. चालणाऱ्यांना फुकट. भिंतींवरच्या टाइल्समध्ये मासे-खेकडे कोरलेत, ते जरूर बघा.

पाचपैकी साडेचार. सोमवारी परत गेलो, चपला पिशवीत घालून.