सेमी-हॉलो गिटार आणि तिची तिसरी तार : चौदा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात केबल काढताना माझ्या गिटारचा जॅक, म्हणजे केबल खुपसायची खोबण, आत घसरला आणि पोकळीत खुळखुळू लागला. तो सैल झाल्याचे पणजीच्या ज्या दुकानातून गिटार घेतली त्यांना मी सप्टेंबरातच कळवले होते. तेव्हा ‘बाहेरून हाताने आवळा’ असे सांगण्यात आले, आणि आता वर्ष उलटले म्हणून वॉरंटी संपली असे उत्तर मिळाले. बाहेरून आवळताना आतला जॅकही फिरतो आणि त्याच्या वायरी पिळवटतात, हे विकणाऱ्याला ठाऊक नसावे याचे नवल वाटते. त्या रागातच लिहायला बसलो, पण जॅकपेक्षा तिसऱ्या तारेचीच कैफियत लांबत गेली.

खरे तर मला पूर्ण पोकळ गिटार हवी होती. मात्र फोंड्यातल्या माझ्या खोलीत अँप गुडघ्याला टेकूनच असतो आणि इतक्या जवळ तशी गिटार घुमू लागते. मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा घालून हा त्रास कमी करण्याची युक्ती गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ मध्ये आणली. माझी गिटार त्याच वळणाची, म्हणजे सेमी-हॉलो (अर्धपोकळ), किमतीने मात्र कितीतरी खालची आहे, आणि घुमण्याच्या बाबतीत तिने एकदाही दगा दिलेला नाही.

तिच्यावर आलेला तारांचा संच १०-४६ चा होता (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) आणि त्यातली तिसरी तार बिनगुंडाळीची, म्हणजे वर दुसरी वायर न गुंडाळलेली होती. जॅझ शिकणारा सुरुवातीलाच कॉर्डचा जो क्रम घोकतो, त्यात डी मायनर सेव्हनमधला सी अर्धा स्वर उतरून जी सेव्हनमधला बी होतो. मी वाजवतो त्या मांडणीत हे दोन्ही स्वर तिसऱ्याच तारेच्या पाचव्या आणि चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) येतात. सगळी गोडी त्या अर्ध्या स्वराच्या उतरणीत आहे, आणि माझी नेमकी तीच तार चढी बोलत असे. बिनगुंडाळीची तार जाड असली की बोटाच्या नुसत्या दाबानेही तिचा स्वर अधिक चढतो, हे ठाऊक नसल्यामुळे मी आधी ट्यूनरला, मग कानाला आणि शेवटी बोटांना दोष देत कितीतरी महिने घालवले.

पावसाळ्याने उरलीसुरली भर घातली. जून लागल्यावर तारांचा संच तीन आठवडेही टिकेना, कारण गुंडाळीच्या खाचांत घाम आणि ओल साचून राहते. तिसऱ्या संचाचे पैसे मोजण्यापूर्वी मी हिशेब मांडला आणि जुलैच्या मध्यावर डॅडारिओ क्रोम्सचा १२-५२ हा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारांचा, संच मागवला. त्यात तिसरी तार २४ ची, गुंडाळलेली असते. किंमत साध्या संचाच्या जवळजवळ तिप्पट पडली, आणि पहिले आठ दिवस मला फसल्यासारखे वाटले. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होता, बेंड (तार ओढून स्वर चढवणे) तर निघतच नव्हता, आणि सूर लावताना जाड तारा नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकून टिंग् करून सुटत होत्या.

माझे मत बदलले ते मडगावच्या एका वयस्क कारागिरामुळे, ज्यांच्या हाताखालून मुख्यतः चर्चमध्ये वाजणारी व्हायोलिने जातात. ‘तार बरी आसा, तिचें घर ल्हान,’ एवढेच म्हणून त्यांनी नटच्या खाचा कानशीने रुंद केल्या, ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारा आतला गज) पाव फेरा आवळला आणि तिसऱ्या तारेचे सॅडल (खालच्या टोकाचा टेकू) मानेच्या दिशेने पुढे घेतले. गुंडाळलेल्या तारेचा गाभा बारीक असल्याने तिला साध्या तारेइतकी जादा लांबी लागत नाही, हे त्यांनी मला बाराव्या फ्रेटवर वाजवून दाखवले. त्या दिवसापासून सी आणि बी जागच्या जागी बसतात, आणि घोंगडीखालचा वाटणारा आवाज आता मला गोल वाटतो.

तरीही एक खोड उरली आहेच. शेजारची साधी दुसरी तार आता उगाच मोठ्याने बोलते, म्हणून पिकअपमधला (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातला) तिच्याखालचा स्क्रू अर्धा फेरा खाली घ्यावा लागला. पहिल्या दोन तारा पूर्वीसारख्याच गंजतात, त्या मी सुट्या आणतो. पण गुंडाळलेल्या चारही तारा गुळगुळीत स्टीलच्या असल्याने पाच महिने झाले तरी खडबडीत झालेल्या नाहीत. एवढ्या काळात साधे सहा संच तरी लागले असते. म्हणजे तिप्पट किमतीचा हा संच मला निम्म्यात पडला.

जॅकही शेवटी मडगावच्याच कारागिरांनी बसवला. मागे झाकण नसल्याने त्यांनी एक लवचीक नळी जॅकच्या भोकातून आत सरकवून एफ-आकाराच्या भोकातून बाहेर काढली, तिच्या टोकात जॅक रोवला आणि ओढून जागेवर आणला. खाली दातेरी वॉशर घातला, जो कारखान्यातूनच यायला हवा होता. मजुरी दुकानाने नुसत्या ‘तपासणी’साठी घेतलेल्या पैशांपेक्षा कमी झाली. पुढच्या पावसाळ्यासाठी आणून ठेवलेल्या क्रोम्सचे पाकीट मी अजून फोडलेले नाही.