कोल्हापूर ते लंडन: मुंबईहून थेट की दुबईमार्गे?

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. दुबईमार्गे गेलात तर १,९३० आणि ५,५००, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे किमी जास्त. तेव्हा अंतर बघून तिकीट काढू नका, दुबईतला थांबा बघा.

थेट विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात. येताना तासभर कमी, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा येताना पाठीशी असतो, जाताना समोरून. दुबईमार्गे उड्डाणंच पावणेअकरा-अकरा तासांची, वर थांबा. थांबा दीड तासापेक्षा कमी असेल तर पहिलं विमान लेट झालं की दुसरं हुकतं. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर असतील तर पुढची सोय कंपनी करते आणि बॅगही थेट लंडनला जाते. वेगळी तिकिटं काढली की दोन्ही तुमच्या गळ्यात. स्वस्त दिसली तरी घेऊ नका.

तिकिटावरची वेळ स्थानिक असते. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. दुपारी १ ला निघून तिथल्या संध्याकाळी ६ ला पोहोचणं म्हणजे हिवाळ्यात साडेदहा तासांचा प्रवास.

कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरून मुंबई विमानतळ पावणेचारशे-चारशे किमी. आठ तास धरा, खंबाटकी आणि लोणावळ्याच्या घाटासाठी दोन जादा, विमानतळावर तीन. म्हणजे रात्री २ च्या विमानाला दुपारी १ ला घर सोडायचं. वयस्कर आई-वडील असतील तर थेटच घ्या. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानानं मुंबई गाठणार असाल, तर आदल्या दिवशीचं घ्या.