फायरप्लेससाठी तयार ब्लोअर की कॉम्प्युटरचे पंखे?

फायरप्लेसचा ब्लोअर, म्हणजे आगीभोवती तापलेली हवा खोलीत ढकलणारा विजेचा पंखा, जाम झाला की साधारण दोन पर्याय उरतात: त्याच मापाचा तयार ब्लोअर आणून बसवावा, किंवा जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या पंख्यांवर काम भागवावे. मी दोन्ही करून पाहिले आहे. तयार ब्लोअर दोन हिवाळे वापरला आणि सध्या त्याच जागी 120 मिमीचे तीन पंखे फिरत आहेत. त्यामुळे पुढील मजकूर पूर्णतः तटस्थ असेल, असा दावा करता येणार नाही.

हवा रेटण्याच्या ताकदीत तयार ब्लोअर उजवा आहे, याबद्दल वाद नाही. त्याचा पिंजऱ्यासारखा पंखा अरुंद आणि वळणाच्या मार्गातूनही हवा पुढे ढकलतो. कॉम्प्युटरचा पंखा मोकळ्या जागेत भरपूर हवा देतो, पण समोर अडथळा आला की पाती गरगरत राहतात आणि हवा जागच्या जागी घोटाळते. फायरबॉक्सभोवतीची, म्हणजे आग जळते त्या पेटीभोवतीची, पोकळी जेमतेम बोटभर असेल आणि हवेला दोन काटकोनी वळणे घ्यावी लागत असतील, तर पुढे वाचण्याचीही गरज नाही. तयार ब्लोअरच घ्यावा. माझ्याकडील पोकळी सुदैवाने ऐसपैस आहे.

माझा निर्णय मात्र आवाजाने केला, आणि तोही मोठ्या आवाजाने नव्हे. तयार ब्लोअरच्या थेट घरातील विजेवर चालणाऱ्या मोटरीत वीजपुरवठ्याच्या वारंवारितेच्या दुप्पट, म्हणजे 50 हर्ट्झ पुरवठ्यावर 100 हर्ट्झची, गुणगुण असते. पूर्ण वेगात ती वाऱ्याच्या घोंगावण्यात बुडून जाते. रात्री खोली पुरेशी उबदार झाल्यावर वेग कमी केला, की वारा शांत होतो आणि ती गुणगुण तेवढी उघडी पडते. रेग्युलेटर वापरल्यास आणखी खरखरीत होते आणि पत्र्याची पेटी तिला साथ देते. मोटरीखाली रबरी वॉशर घातले, स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले, तरी फरक नगण्य पडला. ज्या वेळी शांतता हवी असते नेमक्या त्याच वेळी ती ऐकू येते, ही गोष्ट मला दुसऱ्या हिवाळ्याअखेर असह्य झाली. इतरांना ती कदाचित जाणवणारही नाही.

कॉम्प्युटरच्या बारा व्होल्टच्या पंख्यांत ही गुणगुण नाही. सात व्होल्टवर माझे तिन्ही पंखे चालू आहेत की नाहीत, हे हात पुढे करूनच कळते. पाच व्होल्टवर त्यांतला एक सुरूच होत नाही, म्हणून सात व्होल्टच्या खाली जाण्याचा मोह टाळला.

त्यांची खरी शत्रू उष्णता. असे बहुतेक पंखे साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पहिला पंखा मी गरम हवेच्या तोंडाशी लावण्याची चूक केली आणि महिनाभरात त्याचे स्लीव्ह बेअरिंग (अक्ष ज्यात तेलावर फिरतो ती साधी नळी) कोरडे पडून घासू लागले. आता पंखे खाली, थंड हवा आत शिरते तिथे आहेत. ते हवा ओढत नाहीत, ढकलतात, आणि बॉल बेअरिंगचे आहेत. ब्लोअरचा मूळ उष्णतेवर चालणारा स्विच तसाच ठेवून पंख्यांना वीज देणारा अडॅप्टर त्यावरून जोडला आहे, त्यामुळे आग विझल्यावरही लोखंड निवेपर्यंत पंखे फिरत राहतात. शेजारी शेजारी लावलेल्या पंख्यांपैकी एक बंद पडला, तर बाकीच्यांची हवा त्याच्याच भोकातून उलटी बाहेर येते. हे अधूनमधून तपासावे लागते. उपकरण गॅसवर चालणारे किंवा हमीच्या मुदतीतले असेल, तर मात्र अशी फेरफार करू नये, असे मला वाटते.

खोली तापायला पूर्वीपेक्षा पाव तास अधिक लागतो, हे मान्य करायला हवे. उलटपक्षी वीज गेली तर हेच पंखे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, जे तयार ब्लोअरला जमत नाही. तो ब्लोअर कडाक्याच्या थंडीसाठी म्हणून मी कपाटात जपून ठेवला आहे; या हिवाळ्यात अजून तो बाहेर काढलेला नाही.